आधी मनी, मग पिल्लू

प्रिय रेवा,

मांजरीचं पिल्लू येणार म्हणून आई आणि मी दोघंही खुशीत आहोत. पण "आणलं की थेट मनीच्या पुढ्यात ठेवते, ओळख एकदाची होऊन जाऊ दे" असं तू फोनवर म्हणालीस, तेवढं मात्र करू नकोस. त्यासाठीच हे पत्र.

मनी आता 11 वर्षांची आहे आणि आजवर त्या घरात दुसरं मांजर नव्हतं. दाराच्या कडांना, खुर्चीच्या पायांना ती गाल घासते ना, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ठेवत असते. त्या वासाच्या भरवशावर ती निर्धास्त झोपते. तिथे एकाएकी परकं मांजर दिसलं तर तिच्या लेखी तो घुसखोरच. आणि पहिल्याच भेटीत जुंपली तर ती भीती दोघांच्याही मनातून सहजी जात नाही, मग निस्तरायला महिने लागतात.

म्हणून पिल्लाला आधी वेगळ्या, दार बंद होणाऱ्या खोलीत ठेव. मनीची झोपायची खोली त्याला देऊ नकोस. खाणं, पाणी, लिटर ट्रे (शी-शूसाठीचा वाळूचा ट्रे) आणि लपायला एक खोकं एवढं त्याला पुरे. घरी आणण्याआधी डॉक्टरांना दाखव. जंत, पिसवा आणि ल्युकेमिया विषाणूची (एका मांजराकडून दुसऱ्याला लागणारा विषाणू) तपासणी करून घे. लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी द्याव्या लागतात. मनीचं लसीकरणाचं कार्डही काढून बघ. वरून धडधाकट दिसणारं पिल्लूही आजार घेऊन येऊ शकतं, त्यामुळे दोन आठवडे वेगळं ठेवणं तब्येतीसाठीही बरं. (पिसवांवर कुत्र्यांचं औषध चुकूनही लावू नकोस. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरांना विषारी असतं.)

या दिवसांत खरी ओळख नाकानं होते. पिल्लाच्या गालावरून मऊ फडकं फिरवून ते मनीच्या वावरायच्या जागी ठेव, मनीचं पिल्लाकडे. तिच्या नाकाला लावायला जाऊ नकोस, तिचं तिला हुंगू दे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं ठेव. सुरुवातीला दारापासून लांब, मनी शांतपणे खाऊ लागली की रोज थोडं जवळ. परक्या वासाबरोबर पोटभर जेवण मिळतं, हे तिच्या डोक्यात बसायला हवं. ती फिसकारेल, गुरगुरेल. रागावू नकोस, "लांब राहा" एवढंच ती सांगत असते. तुझं ओरडणं ती पिल्लाशी जोडेल.

दोघं दाराशी निवांत खाऊ लागली की फटीतून किंवा जाळीतून एकमेकांना पाहू देत, आणि त्यानंतरच समोरासमोर भेट. त्याआधी पिल्लाला दमेपर्यंत खेळव. मनीचे सांधे आता पूर्वीसारखे नाहीत, शेपटीवर झडप घालणारं पोर तिला झेपणार नाही. भेट काही मिनिटांचीच असू दे. मनीनं कान मागे चपटे केले, एकटक रोखून बघत शेपटी आपटायला लागली, तर मध्ये मोठा पुठ्ठा सरकव. हात घालू नकोस, चांगलाच ओरबाडला जाईल.

लिटर ट्रे तीन ठेव, वेगवेगळ्या ठिकाणी, नाहीतर पिल्लू वाटेत बसून मनीला अडवेल. मनीला पिल्लाचा हात पोहोचणार नाही अशी उंच जागा हवी, पण चढायला मध्ये एक पायरी ठेव. जेवणंही वेगळी. पिल्लाचं खाणं मनीला फार जड आहे.

आणि तिचं वेळापत्रक मोडू नकोस. सकाळचं विंचरणं, रात्री तुझ्या पायाशी झोपणं, सगळं जसंच्या तसं. घरात पिल्लू असलं की सगळ्यांचे हात त्याच्याकडेच जातात आणि म्हाताऱ्या मांजरीला ते कळतं. ती ट्रेबाहेर लघवी करू लागली, दिवसभर पलंगाखाली राहिली, तर एक पायरी मागे ये. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे ने. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं.

दोघं एकमेकांना चाटतील, कुशीत झोपतील असं धरून चालू नकोस. एका खोलीत दोन टोकांना शांत झोपली तरी जमलं म्हण.

पिल्लाचे फोटो तू पाठवशीलच. त्यांच्याबरोबर मनी किती जेवली तेही रोज लिही.

तुझा,
बाबा