बोनमॅरोची ट्यूब बर्फात ठेवू नका

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीतला अक्यूट ल्युकेमियावरचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरचा, लेख वाचला. कोकणातून मुंबईला पाठवलेल्या गुणसूत्र तपासणीचे रिपोर्ट 'पेशी वाढल्या नाहीत' असे येतात, म्हणून इथल्या रुग्णांनी त्यावर खर्च करू नये, हा त्यातला सल्ला घातक आहे. दोष तपासणीचा नाही, पाठवण्याचा आहे.

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे या गुणसूत्र तपासणीसाठी, बोनमॅरोतल्या (हाडांच्या पोकळीतल्या मगजातल्या) जिवंत पेशी लागतात. लॅबमध्ये त्या २४ ते ४८ तास वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी औषधाने थांबवतात आणि साधारण २० पेशींतली गुणसूत्रे एकेक करून बघतात. वाटेत मेलेली पेशी विभागणार कशी? सॅम्पल थंड राहावे म्हणून ट्यूब थेट बर्फात खोचतात. बर्फात मासळी टिकते, मॅरोच्या पेशी गोठून फुटतात. डबा उघडला की ट्यूबमधला वरचा पिवळसर थर लाल झालेला दिसतो आणि तिथेच कळते की हे सॅम्पल गेले. एप्रिल-मेच्या उकाड्यात थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक जरूर ठेवा, पण कागदात गुंडाळून, ट्यूबला न टेकवता.

दुसरी चूक ट्यूबची. सीबीसीची (रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीची) जांभळ्या टोपणाची ट्यूब हाताशी असते, सगळे तिच्यातच भरले जाते. पेशी वाढवायला सोडियम हेपरिनची हिरव्या टोपणाची ट्यूब लागते, २ ते ३ मिली. पहिले थेंब काचपट्ट्यांना, लगेच पुढचे हिच्यात. एकाच जागी सिरिंज ओढत राहिले तर मॅरोऐवजी रक्तच येते; सुई जरा सरकवावी. ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करावी, गुठळी झाली की पेशी तिच्यात अडकतात. पीसीआरला (जनुकांतले बदल शोधणाऱ्या तपासणीला) मात्र हेपरिन अडथळा आणते, त्यासाठी जांभळी ट्यूब वेगळी. दोन्ही पाठवा.

सॅम्पल २४ तासांत पोचावे. शुक्रवारी रातराणीने पाठवलेला डबा सोमवारपर्यंत पडून राहतो, आणि पावसाळ्यात घाट बंद पडला तर विचारूच नका. निघण्याआधी लॅबला फोन करा. स्टिरॉइडचा पहिला डोस देण्यापूर्वी मॅरो काढा. इतके करूनही वाढ झाली नाही तर फिश, म्हणजे गुणसूत्रांवर चमकत्या खुणा लावून करायची तपासणी, होते, तिला विभागणाऱ्या पेशी लागत नाहीत.

उपयोग काय, असे लेखात विचारले आहे. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल सापडली तर केमोला इमॅटिनिबसारख्या गोळीची जोड मिळते. ८ आणि २१ ची असेल तर पहिल्याच फेरीत प्रत्यारोपणाची घाई सहसा करत नाहीत. १५ आणि १७ ची असेल तर एट्रा नावाचे औषध आणि आर्सेनिक यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र तिथे हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि स्मिअरवर (रक्ताच्या काचपट्टीवर) संशय एवढे पुरे. रिपोर्टची वाट न बघता एट्रा सुरू करायचे, कारण पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावानेच माणूस दगावतो.

आणखी एक. लेखातल्या चौकटीत गुणसूत्रांच्या या दोषांना 'आनुवंशिक' म्हटले आहे आणि लग्न जमवताना चौकशी करण्याचे सुचवले आहे. हे फार वाईट झाले. हे बदल बहुतांशी जन्मानंतर, मॅरोतल्या एखाद्याच पेशीत घडतात. ते भावंडांत नसतात, मुलांत उतरत नाहीत. आधीच घरोघरी हा आजार लपवतात. तुमच्या चौकटीने एखाद्या बहिणीचे ठरलेले स्थळ मोडेल. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी