चित्रकाराचे नाव भिंतीवर, वादकांचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी दक्षिण मुंबईतील एका कलादालनात जॅझ संगीतावरून सुचलेल्या चित्रांचे प्रदर्शन आणि त्याच दालनात प्रत्यक्ष जॅझवादन असा कार्यक्रम झाला. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ हा संगीतमहोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून मला या संगीताची गोडी लागली. दोन्ही आवडी एकाच छताखाली भेटण्याचा योग माझ्या वाट्याला क्वचितच आला असल्याने मी वेळेआधी अर्धा तास जाऊन बसलो होतो. कार्यक्रम मनापासून आवडला, आणि म्हणूनच त्यातील एक उणीव आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

आधी जे उत्तम झाले त्याविषयी. ट्रम्पेट, पियानो, डबल बास आणि ड्रम असे चौघे वाजवत होते. एका संथ रचनेत ड्रमवादकाने काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश हाती घेतले आणि ते ड्रमच्या पृष्ठभागावर गोलाकार घासायला सुरुवात केली. त्याच्या मागेच गडद निळ्या रंगाचे एक मोठे चित्र होते. त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढलेले पांढरे फटकारे इतके विरळ होते की खालच्या कापडाची वीण दिसत होती. वादन सुरू होण्यापूर्वी मी तो पाऊस समजत होतो. ब्रशचा तो खरखरता, श्वासासारखा आवाज कानावर आला आणि चित्रकाराने काय ऐकले असेल ते माझ्या डोळ्यांना उमगले.

आता उणिवेविषयी. प्रत्येक चित्राशेजारी लावलेल्या पट्टीवर चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार आणि वर्ष व्यवस्थित लिहिलेले होते. वादकांचे नाव मात्र कुठेही नव्हते. निमंत्रणपत्रिकेत ‘सोबत लाइव्ह जॅझ’ एवढेच शब्द होते, शेवटी आभार मानताना ‘आमचे म्युझिशियन्स’ असा मोघम उल्लेख झाला आणि आपल्या दैनिकात आलेल्या बातमीतही ‘जॅझच्या सुरावटींच्या साथीने’ यापलीकडे काही नव्हते. आपल्याकडे गाण्याच्या साध्या घरगुती बैठकीच्या पत्रिकेतही तबल्याला आणि संवादिनीला कोण आहे हे आवर्जून छापतात. जॅझमध्ये तर ही गरज अधिकच आहे, कारण तिथे मूळ चाल हे बहुतेकदा निमित्त असते आणि त्या चालीवर त्या संध्याकाळी वादक जी उपज करतो तीच खरी कलाकृती असते. ती करणाराच अनामिक राहिला, तर आपण नेमके कोणाचे ऐकले?

मुंबईत ही चूक जुनी आहे, म्हणून ती अधिक सलते. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊन वाजवू लागले आणि त्यांच्या सहवासात गोव्याहून आलेल्या वादकांनी हे संगीत आत्मसात केले. पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागली. त्यांतले एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केले आणि १९५१च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसले. पण असे भाग्य थोड्यांचे. बहुतेक वादकांनी आयुष्यभर वाजवले ते पडद्यावरच्या नामावलीत जागा न मिळताच. त्यांचे सूर घराघरांत पोहोचले, नावे मात्र त्यांच्या कुटुंबीयांपुरतीच उरली.

चित्रकारांनी स्वतः या बाबतीत कधी कंजुषी केलेली नाही. न्यूयॉर्कच्या जाँ-मिशेल बास्कियाचे १९८३चे ‘हॉर्न प्लेयर्स’ हे तीन भागांचे चित्र पाहावे. त्यात दोन अमेरिकन जॅझवादक आहेत: एका बाजूला सॅक्सोफोन घेतलेला चार्ली पार्कर, दुसरीकडे ट्रम्पेटसह डिझी गिलेस्पी, आणि काळ्या पार्श्वभूमीवर डिझीचे नाव, पार्करच्या रचनेचे नाव असे शब्द खडूने लिहावेत तसे लिहिलेले. बास्कियाचा जन्म पार्कर वारल्यानंतर पाच वर्षांनी झाला, तरी आपण कोणाचे ऋणी आहोत हे त्याने कॅनव्हासवरच नोंदवून ठेवले. चित्रकार पीएत मोंद्रियानने आपल्या ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ या चित्राला बूगी-वूगी या पियानोवरच्या संगीतप्रकाराचेच नाव दिले. पिवळ्या पट्ट्यांवरून टपटप उड्या घेणारे लाल, निळे, करडे चौकोन पाहताना पियानोच्या त्या वादनशैलीची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

मध्यंतरात मी ट्रम्पेट वाजवणाऱ्या वयस्क गृहस्थांकडे गेलो. वाद्यात साचलेले पाणी ते हातरुमालावर झटकत होते. मी नाव विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मग एकेक अक्षर सुटे करून सावकाश सांगू लागले. मी ते माझ्या पत्रिकेच्या मागे लिहून घेतले आणि उरलेल्या तिघांचीही नावे घेतली. त्यांना विचारल्यावाचून ती येथे छापणे योग्य नव्हे, म्हणून देत नाही.

प्रदर्शन अजून काही दिवस खुले आहे आणि शेवटच्या दिवशी हेच चौघे पुन्हा वाजवणार आहेत. आयोजकांना माझी विनंती आहे की त्याआधी चित्रांच्या पट्टीसारखीच एक पट्टी वादकांच्या जागेशेजारी लावावी व तिच्यावर नाव, वाद्य आणि त्या दिवशी वाजवलेल्या रचना लिहाव्यात. आपणही त्या कार्यक्रमाची सूचना छापताना चित्रकाराच्या नावाखाली ती चार नावे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, दादर, मुंबई