खरं आणि गृहीत यांतला फरक दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

स्पर्धा परीक्षेतल्या विधान-गृहीतकाच्या प्रश्नात, म्हणजे दिलेल्या विधानामागे न बोलता काय धरून चाललं आहे ते पर्यायांतून ओळखताना, माहिती असलेलं पोरगंच जास्त चुकतं, हे तुम्ही फळ्यावर दाखवून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

‘उन्हाळ कांदा भाव वाढेपर्यंत कांदाचाळीत ठेवावा.’ लासलगाव-निफाडकडचा विद्यार्थी इथे ‘उन्हाळ कांदा लाल कांद्यापेक्षा जास्त टिकतो’ या पर्यायावर डोळे झाकून खूण करतो. गोष्ट खरी आहे, पण विधानाचं तिच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते दोन गोष्टींवर: भाव वाढू शकतो आणि तोवर कांदा टिकू शकतो.

तुमची उलटी कसोटी आता हातात बसली आहे. पर्याय नकारार्थी करायचा; विधान कोसळलं तर ते गृहीतक, उभं राहिलं तर नाही. मात्र खरी गोची नकार करण्यातच असते. ‘सर्व’चा नकार ‘एकही नाही’ असा केला की उत्तर हमखास चुकतं; तो ‘निदान काही तरी नाहीत’ असाच हवा. ‘काही’चा मात्र ‘एकही नाही’. ‘नेहमी’चा ‘कधी कधी नाही’.

त्यासाठी तुम्ही दिलेलं दुतोंड्या मारुतीचं, म्हणजे नाशिकमध्ये गोदावरीच्या पुराचा अंदाज जिच्यावरून घेतात त्या मूर्तीचं, उदाहरण तर अजून पुरतंय. ‘पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की भांडी बाजारातल्या दुकानदारांनी माल वरच्या मजल्यावर न्यावा.’ ‘माल हलवायला वेळ मिळेल’: वेळच मिळणार नसेल तर सल्ला फुकट, म्हणून हे गृहीतक. ‘पाणी कमरेला लागलं की नेहमीच दुकानात शिरतं’: एखाद्या वेळी नाही शिरलं, तरी खबरदारी घ्यायलाच हवी, म्हणून हे नाही. ‘शिरण्याची शक्यता असते’ असं लिहिलं असतं तर चाललं असतं. ‘नेहमी’ आणि ‘शक्यता’ या एका शब्दावर गुण जातो. ‘फक्त’, ‘सर्वच’, ‘एकमेव’ दिसले की थांबायचं, हीही तुमचीच सवय. थांबायचं म्हणजे लगेच खोडायचं नाही. विधानातच ‘फक्त’ असेल तर तसा पर्याय बरोबर ठरू शकतो.

आणि हो, विधानानंतर जे निघतं तो निष्कर्ष. गृहीतक विधानाच्या आधीचं. विधानातलंच वाक्य फिरवून दिलं असेल तर तेही गृहीतक नव्हे, कारण ते उघड बोललेलं आहे.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटला (कल चाचणीच्या पेपरला) १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात, त्यात उतारे वेळ खातात. म्हणून आधी नकार, मग गरज वाटली तरच विधान पुन्हा वाचायचं, हा तुमचा क्रम आम्ही मोडत नाही.

तुमच्या नकारांच्या तक्त्याची झेरॉक्स नव्या बॅचला देतोय. खाली एक ओळ पेनाने वाढवली आहे: ‘एकतर गृहीतक १ किंवा २’ हा उत्तराचा पर्याय दिसला तरी दोन्ही गृहीतकं वेगवेगळी तपासा. चुकलं असेल तर खोडून पाठवा.

आपले,
गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेतले विद्यार्थी, नाशिक