जुन्या गाडीची पाण्याची टाकी पुरती भरू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी खंडाळ्याच्या घाटात रस्त्याकडेला एक लाल एमजीबी, म्हणजे जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, बॉनेट उघडून उभी दिसली. मालक रेडिएटरच्या टोपणाला फडका गुंडाळत होते. मी ओरडून त्यांचा हात थांबवला. 1984 साली असंच टोपण उघडून माझं कोपरापर्यंतचं कातडं गेलं होतं.

थंड असताना 10 लिटर असलेलं पाणी इंजिन तापल्यावर साधारण 400 मिलीलिटरने फुगतं. टोपणातली स्प्रिंग दाब धरते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की क्षणात वाफ उसळते. फुगलेल्या पाण्यासाठी बाजूची टाकी असते आणि इंजिन निवलं की टोपणातली बारकी झडप ते पाणी परत ओढून घेते. त्या एमजीबीत कुण्या गॅरेजवाल्याने झडप नसलेलं साधं टोपण बसवलं होतं. टाकी काठोकाठ, रेडिएटर मात्र अर्धा रिकामा!

1962 ते 1980 या काळात इंग्लंडात बनलेल्या या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आहेत. त्या जपणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टोपणाचा रबर दर पावसाळ्याआधी नखाने दाबून पाहा, कडक लागला तर टोपण बदला. टाकीत वरती बोटभर जागा मोकळी ठेवा. आणि घाटात तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला तर इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण उघडा, गाडी बाजूला घ्या, तासभर टोपणाला हात लावू नका.

आपला,
एक जुना मेकॅनिक, पुणे