गुऱ्हाळवाल्या मामांस

मामा, शि. सा. नमस्कार.

तुमचे आभार मानायला मी तीनदा तुमच्या दारात आले आणि तिन्ही वेळा तुम्ही चहा पाजून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

आपल्या चिखलीला पूर नवा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या इथंच येऊन पंचगंगा होतात. पाणी चढलं की सोनतळीला बिऱ्हाड हलवायचं, ही गावाची सवय. आबा मात्र हलत नसत. २००५ च्या पुराची खूण आमच्या सोप्याच्या भिंतीवर होती, उंबऱ्यापासून हातभर वर. त्याच्या वर पाणी येत नाही, हा त्यांचा हिशेब, आणि मलाही तो पटला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तरी आम्ही पोती माळ्यावर टाकत बसलो होतो.

त्या रात्री तुम्ही बॅटरी घेऊन, उसाचा रस आटवायची ती मोठी काहील पाण्यातून ढकलत दारात आलात. तुमचं गुऱ्हाळघर बुडत होतं. इंजिन काढायचं सोडून तुम्ही काहील काढलीत, हे मला फार उशिरा कळलं.

आबा म्हणाले, "खुणेपतोर आलंय, आता थांबंल."

"खूण आपण बघितलीया आबा, नदीनं न्हाई," असं म्हणून तुम्ही थेट गोठ्यात शिरलात आणि म्हशींची दावी कापलीत. म्हशी पोहत चढाकडं निघाल्या, तसे आबा उठले. त्यांना कसं उठवायचं ते तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला आई, मी आणि बाळंतीण वहिनी चौदा दिवसांच्या लेकराला घेऊन बसलो. काहील गोल, जागच्या जागी गरगरते. तुम्ही छातीभर पाण्यात तिचा काठ धरून चालत होता. बाळ गाढ झोपलं होतं. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले. एवढीशी ऊब बोटाला लागायची, मग थांबायची, मग पुन्हा लागायची. माणसाचा जीव एवढ्याशावर असतो, हे त्या काळोखात पहिल्यांदा कळलं. अजूनही रात्री झोपलेल्या माणसांच्या नाकाशी माझं बोट जातं.

पहाटे सोप्याची भिंत बसली. पांढऱ्या मातीची, आजोबांच्या हातची. खुणेसकट. आबांचं अंथरूण तिच्याच पायाशी असायचं. पुढं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते आम्ही छावणीत ऐकलं.

आबांना त्यानंतर पाच वर्षं मिळाली. २०२१ च्या जुलैत पाणी चढू लागलं, तेव्हा दावी त्यांनी स्वतः सोडली आणि गल्लीत सगळ्यांच्या आधी सोनतळीची वाट धरली. नवीन भिंतीवर खूण मात्र त्यांनी कुणाला करू दिली नाही. ते गेले तेव्हा घरच्या खाटेवर होते, आम्ही सगळे भोवती होतो. हे तुमच्यामुळं, मामा.

ते लेकरू आता शाळेत जातं. गुऱ्हाळ सुरू झालं की त्याला घेऊन येते. त्याला ती काहील बघायची आहे. त्या दिवशी विषय बदलू नका.