नाऊरूला नावे ठेवण्याआधी...

महोदय,

प्रशांत महासागरातल्या नाऊरू या बेट-देशाने तैवानची राजनैतिक मान्यता काढून चीनशी घरोबा केला, त्यावर ‘विकाऊ देश’ अशी शेरेबाजी अजूनही वाचायला मिळते. मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर होतो. फॉस्फेट भरायला तिथे गेलो आहे. बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे. तेव्हा धक्का नव्हता. जहाज बोयांना बांधायचे आणि किनाऱ्यावरून पुढे आलेल्या लोखंडी बाहूंतून माल थेट खणात पडायचा. डेकवर पांढरी धूळ, आणि बेटाच्या पोटात खणून उरलेले चुनखडीचे सुळके! ते फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना दशकानुदशके स्वस्तात मिळाले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य आले. पुढे साठाही आटला आणि (गैरव्यवस्थापनाने, हेही खरे) पैसाही.

मग विकायला उरले काय? संयुक्त राष्ट्रांतले एक मत आणि चीन की तैवान, यांपैकी एकालाच देता येणारे मान्यतेचे पत्र. २००२ मध्ये बीजिंग, २००५ मध्ये तैपेई (म्हणजे तैवान), १५ जानेवारी २०२४ ला पुन्हा बीजिंग. तैवानच्या निवडणुकीनंतर अवघ्या दोन दिवसांनी! ही वेळ नाऊरूने एकट्याने ठरवली असेल, असे मला वाटत नाही. तैवानला मान्यता देणारे त्यानंतर बाराच देश उरले. त्यात तुवालू आहे, तोही तितकाच चिमुकला. म्हणजे गरिबी हे एकच कारण नव्हे.

पण भारताने बीजिंगला मान्यता दिली ती ३० डिसेंबर १९४९ लाच. आपले ते परराष्ट्र धोरण आणि नाऊरूचा तो बाजार?

– एक निवृत्त सागरी अभियंता, रत्नागिरी