गॅसच्या भीतीने कडधान्ये टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘गॅस होतो ना, मग कडधान्ये आणि कांदा बंद करा,’ असा सल्ला हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुलांच्या डब्यांतून मटकीची उसळ हळूहळू नाहीशी होताना दिसते आहे, म्हणून हे पत्र.

मटकी, तूर, हरभरा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. आपल्या नेहमीच्या साखरेच्या रेणूला गॅलॅक्टोजचे एक-दोन मणी जोडले की त्या तयार होतात. हा जोड तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या न पचताच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथल्या जीवाणूंकडे मात्र ते असते. हे जीवाणू तो जोड तोडतात, सुटलेली शर्करा आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड निघतो. हाच आपला गॅस. त्याच आंबवण्यातून ब्युटिरिक आम्लही तयार होते आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते. गॅस जाणवतो, हे पोषण जाणवत नाही, एवढाच फरक.

पिष्ट आणि शर्करा पचवणारी माणसाची स्वतःची एन्झाइम्स जेमतेम 17 च्या घरात आहेत. आपल्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकाच जीवाणूच्या जनुकांत अशी 250 हून अधिक आहेत! मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीतला कोंडा आपल्याला पचत नाही, त्यातला काही भाग हे जीवाणूच फोडतात.

पोट साफ होण्यासाठी घेतात त्या सोनामुखीचेच बघा. तिच्यातले सेनोसाइड साखरेला बांधलेले असते आणि त्या रूपात ते जठर व लहान आतडे जवळपास जसेच्या तसे ओलांडते. मोठ्या आतड्यातले जीवाणू ती साखर कापतात, मगच रेचक द्रव्य तयार होते. रात्री घेतलेल्या चूर्णाचा गुण सकाळी येतो तो म्हणून. आपल्या डाळिंबातल्या प्युनिकॅलॅजिन या द्रव्यापासूनही आधी एलॅजिक आम्ल सुटते आणि पुढे जीवाणू त्याचे युरोलिथिन बनवतात. हे काम करणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, त्यामुळे एकच डाळिंब दोघांनी खाल्ले तरी दोघांना सारखे मिळत नाही.

मटकी रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि तिला चांगले मोड येऊ द्यावेत. मोड येताना दाण्यातलेच एन्झाइम रॅफिनोज बरेच कमी करते. आपल्या आज्या हेच करत आल्या. सवय मोडली असेल तर वाटीभर उसळीने सुरुवात न करता दोन चमचे खावी आणि हळूहळू वाढवावी. पोट सतत दुखत असेल किंवा वजन घटत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जावे. आणि साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेणे थांबवावे. त्याचा मार या जीवाणूंनाही बसतो.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडून कडक भाकरी, शेंगाचटणी, हुरडा, डाळिंब अशा इथल्याच खाण्यावर लिहून घेऊन आपण एखादे सदर सुरू करावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका
जुळे सोलापूर